हबश देशाचें ख्रिस्ती साम्राज्य : उत्कर्षापकर्षाच्या साक्षींची चिकित्सा

जुन्या मराठी कागदांत ‘हबसाण’ हा शब्द वारंवार आढळतो. त्याचा अर्थ बहुधा दंडाराजपुरी-जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख असा असतो. ज्या देशावरून हें नांव पडलें तो समुद्रापलीकडील हबश देश, म्हणजे आबिसिनिया किंवा आजचा इथिओपिया, आपल्या कागदांत जवळजवळ येतच नाहीं. सिद्दी आपल्या दारांत होता. त्याच्याशीं आपण पिढ्यानपिढ्या लढलों व तह केले. परंतु तो ज्या बाजूनें आला तिकडे काय घडत होतें ह्याची चौकशी आपल्या बखरकारांनीं केली नाहीं. ही उणीव आपण आजवर पोर्तुगीज ग्रंथांवरून भरून काढीत आलों आहों. ह्या भरण्यांत एक दोष शिरला आहे. तो दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रचलित कथा थोडक्यांत अशी आहे : हबश देशांत एक प्राचीन ख्रिस्ती साम्राज्य मुसलमानी मुलखांच्या वेढ्यांत एकाकी उभें होतें, इ. स. १५२९ त अदलचा इमाम अहमद इब्न इब्राहिम, ज्याला हबशी लोक ‘ग्रान’ म्हणजे डावखुरा म्हणत, त्यानें तें धुळीस मिळविलें. आणि गोव्याहून गेलेल्या ४०० फिरंग्यांनीं तें १५४३ त पुन्हा उभें केलें. कथा सुबक आहे. तींत आरंभ, पतन व उद्धार हीं तिन्ही अंगें आहेत. आमचेंही मत पूर्वीं असेंच होतें. परंतु ही कथा कोणाच्या तोंडची, व सांगणारा त्या वेळीं कोठें उभा होता, हे दोन प्रश्न विचारतांच ती ढिली पडूं लागते.

ह्या कथेचा मुख्य आधार म्हणजे मिगेल द कास्तान्योझो ह्या पोर्तुगीज शिपायाचा वृत्तांत. तो लिस्बन येथें १५६४ त छापला गेला. पुढें १८९८ त एस्तेव्हेस पेरैरा ह्यांनीं हस्तलिखितावरून त्याची निराळी आवृत्ति काढली. आपल्याकडील अभ्यासकांच्या हातीं मात्र बहुधा असतें तें व्हाइटवे ह्यांचें इंग्रजी भाषांतर. तें १९०२ त हॅक्ल्यूट सोसायटीनें प्रसिद्ध केलें. व्हाइटवे हे हिंदुस्थानांत मुलकी नोकरी केलेले गृहस्थ असून पोर्तुगीज सत्तेच्या उदयावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. त्यांच्या ह्या पुस्तकाचा मोठा गुण असा कीं, कास्तान्योझोच्या शेजारीं त्यांनीं समकालीन पत्रें, बेर्मुदेसचा वृत्तांत आणि गास्पार कोरैयाच्या ग्रंथांतील उतारे आणून बसविले. म्हणजे मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचें साहित्य वाचकाच्याच हातीं दिलें. दोष असा कीं, ग्रंथ हातीं घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं मुख्य साक्ष वाचली आणि उलटतपासणीचीं पानें उलटून टाकलीं. ह्यांत संपादकाचा अपराध थोडा, वाचकांचा अधिक.

प्रथम उत्कर्षाचें प्रकरण पाहूं. कारण एखाद्या राज्याचा अपकर्ष झाला असें म्हणण्यापूर्वीं तें कशावर उभें होतें हें कळलें पाहिजे.

चवथ्या शतकांत अक्सुमच्या एझाना राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्यासाठीं पुराणकथेकडे जाण्याचें कारण नाहीं. त्याच्या आरंभींच्या नाण्यांवर चंद्रकोर व बिंब आहे आणि नंतरच्या नाण्यांवर त्या जागीं क्रूस आला आहे. सहाव्या शतकांत कॉसमस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरांत एका ग्रीक शिलालेखाची नक्कल करून घेतली. त्याच ग्रंथांत तो ‘कल्लिआना’ येथें इराणांतून नेमून आलेला ख्रिस्ती बिशप असल्याचें सांगतो. हें स्थळ म्हणजे आपलें कल्याण असें बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे कोंकणची किनारपट्टी व हबश देशाचें बंदर एकाच व्यापाऱ्याच्या एकाच ग्रंथांत येतात. ह्याहून बोलका पुरावा देब्रे दामो ह्या डोंगरी मठांतील होय. तेथें शंभराहून अधिक कुशाण सुवर्णमुद्रांचा सांठा सांपडला. आपल्याकडील सोनें तेथवर गेलें होतें. ज्याला आपण ‘एकाकी’ म्हणतों त्याच्या घरांत आपलींच नाणीं सांपडावीं, ह्यावरून त्या विशेषणाची योग्यता ठरते.

सातव्या शतकानंतर अक्सुमचा समुद्रव्यापार मंदावला, नाणीं बंद पडलीं व सत्ता हळूहळू दक्षिणेकडे डोंगरांत सरकली. बाराव्या-तेराव्या शतकांत झाग्वे घराण्याचा अंमल होता. लालिबेला राजाच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं, वेरूळच्या कैलासाप्रमाणें अखंड खडकांतून वरून खालीं कोरीत आणलेलीं देवळें ह्याच घराण्याच्या काळचीं मानलीं जातात. १२७० त येकुनो अमलाक ह्यानें झाग्वेंचें राज्य घेतलें. त्याच्या वंशजांनीं आपला संबंध थेट सॉलोमन राजा व शेबाची राणी ह्यांच्याशीं जोडला. ‘केब्रा नगस्त’ हा ह्या वंशकथेचा ग्रंथ चवदाव्या शतकांत सिद्ध झाला; म्हणजे राज्य आधीं मिळालें आणि वंशावळ मागाहून पूर्ण झाली. आपल्याकडील वंशावळी ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांस ह्याविषयीं अधिक सांगणें नको.

अमदा सेयोन (१३१४–१३४४) व झरा याकोब (१४३४–१४६८) ह्या दोन राजांच्या हातून साम्राज्य विस्तारलें. त्याची घडण आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. राजाला कायमची राजधानी नव्हती. दरबार म्हणजे फिरती छावणी. जमिनीवर दोन प्रकारचे हक्क असत. ‘रिस्त’ हा वंशपरंपरेचा हक्क आपल्या वतनाजवळ जातो. ‘गुल्त’ हा मुलखाच्या वसुलाचा, राजानें सेवेबद्दल दिलेला हक्क. तो आपल्या मोकाशाजवळ, आणि मठाला दिला असेल तर इनामाजवळ जातो. सरहद्दीवरील फौजा ह्याच वसुलावर बसविलेल्या असत. धर्माच्या बाजूनें पाहिलें तर सबंध साम्राज्याला मुख्य बिशप एकच, आणि तोही मिसर देशांतून, अलेक्झांड्रियाच्या पेट्रिआर्कनें नेमून पाठवावयाचा. वाटेवरील मुसलमान सत्ताधीश प्रसन्न नसले तर ती जागा वर्षानुवर्षें रिकामी राही.

ही घडण आपणांस ज्या कागदांवरून कळते त्यांकडे संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें. हबश देशांतील जुन्या मठांत ‘सुवर्ण शुभवर्तमान’ म्हणून मानाची पोथी असते. तिच्या कोऱ्या पानांवर व समासांत दानपत्रें उतरून ठेवण्याची चाल होती, कारण पवित्र ग्रंथांत लिहिलेला हक्क खोडण्यास कोणी धजणार नाहीं. देब्रे लिबानोस येथील अशा पोथींतील लेख कोंटी रोसिनी ह्यांनीं १९०१ त प्रसिद्ध केले. त्यांत लालिबेला राजाचेंही दान आहे. राजवाड्यांतील दफ्तर उरलें नाहीं, परंतु पोथीच्या समासांत राज्य उरलें. आपल्याकडे पोथी विकत घेतांना मुख्य ग्रंथ पाहून समासांतील हिशेब व नोंदी ‘मागाहूनचें लिखाण’ म्हणून दुर्लक्षिणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ह्या उदाहरणाचा विचार करावा.

आतां फिरंग्यांचा ह्या देशाशीं संबंध कसा आला तें पाहूं. युरोपांत बाराव्या शतकापासून ‘प्रेस्टर जॉन’ नांवाच्या एका ख्रिस्ती पुरोहित-राजाची दंतकथा चालू होती. इ. स. ११६५ च्या सुमारास त्याचें म्हणून एक बनावट पत्रही फिरूं लागलें. त्याचें राज्य ‘हिंद’ देशांत असल्याची समजूत होती. हा हिंद मात्र इतका सैल कीं त्यांत हबश देशही सहज मावे. खऱ्या राजाला ह्या दंतकथेचा पोशाख चढविला गेला. फ्रान्सिस्को आल्वारेस हा पाद्री १५२० पासून १५२६ पर्यंत हबश दरबारीं राहून आला. त्याचा ग्रंथ प्रामाणिक व बारकाव्यानें भरलेला आहे; तरी १५४० त तो छापतांना मथळ्यावर ‘हिंद देशांचा प्रेस्टर जॉन’ हेंच नांव आलें. डोळ्यांनीं पाहिलें एक आणि मथळा दुसऱ्याचा!

ह्या संबंधाचा पहिला धागा आपल्या दाभोळास येऊन लागतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी नोंदलेली आम्हांस आढळली नाहीं. राणी एलेनी ही अल्पवयी लेब्ना देंगेल राजाच्या वतीनें कारभार पाहत असे. तिनें मातेवोस नांवाच्या व्यापाऱ्यास पोर्तुगालच्या राजाकडे वकील म्हणून पाठविलें. तो १५१२ त दाभोळ बंदरीं उतरला. दाभोळ तेव्हां आदिलशाहींत असून तेथील अधिकाऱ्यानें त्याला अडकवून ठेवलें. नंतर आल्बुकेर्कनें त्याला गोव्यास आणून सन्मानानें ठेवलें व पुढें लिस्बनास रवाना केलें. पोर्तुगीज कप्तानांस मात्र हा वकील खरा कीं तुर्कांचा हेर ह्याचा संशय येत राहिला व त्यांनीं त्याचे हाल केले. ज्या राजाचा शोध ते तीनशें वर्षें करीत होते त्याचा माणूस दारीं आला, तेव्हां तो दंतकथेसारखा दिसेना म्हणून त्यांचा विश्वास बसेना. दंतकथेवर पोसलेला संशोधक खऱ्या कागदाला बनावट ठरवितो, त्याचेंच हें उदाहरण.

आतां युद्धाच्या साक्षी घेऊं. त्या चार आहेत आणि एकही पूर्ण नाहीं.

पहिली साक्ष अरबी. शिहाबुद्दीन अहमद, ज्याला अरबफकीह म्हणतात, त्यानें इमाम अहमदच्या स्वाऱ्यांचा ‘फुतूह अल्‌-हबश’ हा ग्रंथ लिहिला. कांहीं प्रसंगीं तो स्वतः हजर होता. त्याचा ग्रंथ विजेत्याच्या छावणींतील आहे, परंतु गांवें, सरदार, फितवे व तह ह्यांच्या तपशिलांत त्याची बरोबरी कोणी करीत नाहीं. हा ग्रंथ १५३७ च्या सुमाराच्या हकीकतीशीं तुटतो. उत्तरार्ध उपलब्ध नाहीं. दुसरी साक्ष कास्तान्योझोची. ती १५४१ त सुरू होते. ह्याचा अर्थ असा कीं, ज्यानें साम्राज्य पडतांना पाहिलें त्यानें तें सावरतांना लिहिलें नाहीं. आणि ज्यानें सावरतांना पाहिलें त्याला तें पडण्यापूर्वीं कसें होतें हें ठाऊक नव्हतें. ‘उत्कर्ष, पतन, उद्धार’ ही अखंड कथा ह्या दोन तुटक साक्षी मागाहून एकत्र शिवून झालेली आहे, आणि टांका नेमका तीन-चार वर्षांच्या पोकळीवर पडला आहे.

तिसरी साक्ष बेर्मुदेसची, १५६५ त छापलेली. तो आपणांस हबश देशाचा रीतसर नेमलेला पेट्रिआर्क म्हणवितो. हा त्याचा दावा विद्वानांनीं मानलेला नाहीं. स्वतःचें महत्त्व जेथें जेथें येतें तेथें तेथें त्याच्यावर विसंबूं नये, हें व्हाइटवे ह्यांचें धोरण आम्हांस योग्य वाटतें. चवथी साक्ष हबशी दरबाराची. गलावदेवोस राजाची गीझ भाषेंतील बखर कोंझेलमन ह्यांनीं १८९५ त प्रसिद्ध केली. तींत फिरंग्यांच्या शौर्याचा उल्लेख आहे, परंतु कथेचा नायक राजा आहे. धन्याच्या बखरींत धनी नायक असावयाचाच. म्हणून तीही एकटी पुरेशी नाहीं.

ह्या साक्षी कशा पारखाव्या ह्याचा एक नमुना देतों. मार्च १५२९ त शिंब्रा कुरे येथें लेब्ना देंगेलचा पराभव झाला. अरबी ग्रंथ सांगतो कीं, राजाकडे १६,००० स्वार व दोन लक्षांहून अधिक पायदळ, आणि इमामाकडे ५६० स्वार व १२,००० पायदळ. हबशी बखरीच्या मतें राजाकडे ३,००० हून अधिक स्वार व अगणित पायदळ, आणि शत्रूकडे ३०० स्वार व थोडेंसें पायदळ. ह्या आंकड्यांपैकीं कोणताही जसाच्या तसा घेतां येत नाहीं. पण विशेष पाहण्यासारखें हें कीं, शत्रु थोडा होता असें जिंकणारा सांगतो तसेंच हरणाराही सांगतो. जिंकणाऱ्यास त्यांत ईश्वरी कृपा दाखवावयाची आहे, हरणाऱ्यास आपल्या पापाची शिक्षा. दोघांचे हेतु उलट असून प्रमाण एकच येतें. तेव्हां राजाचें सैन्य मोठें होतें एवढी गोष्ट पक्की धरावी आणि संख्या सोडून द्यावी. आपल्या बखरींतील लक्षांच्या गणनांस हीच कसोटी लावावी.

आतां ‘४०० फिरंग्यांनीं साम्राज्य वांचविलें’ हें विधान घेऊं. १५४१ च्या आरंभीं गोव्याचा गव्हर्नर इस्तेव्हांव द गामा तुर्की आरमारावर तांबड्या समुद्रांत चालून गेला. जुलैमध्यें मसावा येथें त्याचा भाऊ क्रिस्तोव्हांव ४०० माणसांनिशीं उतरला. हे दोघेही वास्को द गामाचे मुलगे. ऑगस्ट १५४२ त वोफ्ला येथें ह्या तुकडीचा मोड झाला. क्रिस्तोव्हांव पकडला जाऊन मारला गेला. त्या लढाईंत इमामाकडे तुर्कांकडून आलेले सुमारें ९०० बंदूकवाले होते. जय मिळतांच इमामानें त्यांतील बहुतेक परत पाठविले व सुमारें २०० ठेवले. इतक्यांत नवा राजा गलावदेवोस दक्षिणेकडून आपली फौज घेऊन आला, उरलेले फिरंगी त्यास मिळाले, आणि फेब्रुवारी १५४३ त वायना दगा येथें इमाम पडला. हे सर्व प्रसंग कास्तान्योझोच्याच पानांवर आहेत. त्यावरून निघतें तें इतकेंच कीं, फिरंगी एकटे लढले तेव्हां हरले, आणि राजाच्या फौजेबरोबर लढले तेव्हां जिंकले. त्यांच्या बंदुकांचा उपयोग मोठा झाला ह्यांत शंका नाहीं. पण दुसऱ्या पक्षानें आपल्या बंदुका परत पाठविल्या ह्याचाही तितकाच झाला. कास्तान्योझो खोटें बोलत नाहीं. तो आपल्या नायकाचें मरण सांगतो, आणि वाचक त्यालाच साम्राज्याचें जीवन समजतात.

येथें एक पांचवी साक्ष पुढें आणतों. ती आपल्या पश्चिम किनाऱ्याचीच आहे. गुजरातेंत उलूघखान नांवाच्या हबशी अमिराच्या पदरीं असलेल्या हाजी दबीर ह्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं गुजरातचा अरबी इतिहास लिहिला. त्याचें खुद्द लेखकाच्या हातचें एकमेव हस्तलिखित कलकत्त्याच्या मदरशाच्या ग्रंथालयांत होतें. डेनिसन रॉस ह्यांनीं तें १९१० ते १९२८ पर्यंत तीन भागांत प्रसिद्ध केलें. गुजरातच्या ह्या इतिहासांत हबश देशांतील युद्धाचा वृत्तांत असून त्याला अरबफकीहाच्या ग्रंथाचा आधार आहे. म्हणजे अहमदाबादेच्या वर्तुळांत ह्या युद्धाचा ग्रंथ वाचला जात होता. हबशी अमिराच्या घरीं आपल्या जन्मभूमीच्या विध्वंसाची हकीकत, ती करणाऱ्याच्या बाजूनें लिहिलेली, इतिहास म्हणून ठेवली जात होती. ही एक गोष्ट दख्खन व गुजरातेंतील हबशांच्या मनःस्थितीविषयीं पुष्कळ सांगून जाते. व्हाइटवे ह्यांना ही साक्ष उपलब्ध नव्हती. आपणांस आहे, व आपण ती वापरीत नाहीं.

मग साम्राज्याचा अपकर्ष झाला कीं नाहीं? झाला, परंतु कथेंत सांगतात तेव्हां व तसा नाहीं. इमामाच्या चवदा वर्षांत देवळें व मठ जळाले, ग्रंथ गेले, माणसें गुलाम होऊन समुद्रापार विकलीं गेलीं. अरबफकीह वाचतांना मात्र वारंवार दिसतें तें असें कीं, प्रांताप्रांतांतील सरदार शरण येतात, धर्म बदलतात आणि आपली जागा राखतात. वतनासाठीं धनी बदलणें आपल्याकडे त्याच शतकांत चाललें होतें. धनी पुन्हा बदलला तेव्हां हे लोक परतले. धर्मांतरितांस शुद्ध करून घेण्याच्या विधीचा ‘मशाफा केदेर’ हा ग्रंथ ह्याच काळाशीं जोडला जातो. नेताजी पालकरास १६७६ त परत घेतलें गेलें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस अशा ग्रंथाची गरज निराळी समजावून द्यावयास नको. १५५३ त एन्बाकोम नांवाच्या मठाधिपतीनें ‘बरलाम व येवासेफ’ ही कथा अरबींतून गीझ भाषेंत उतरविली. ही कथा म्हणजे देशोदेशीं फिरून ख्रिस्ती साधूची झालेली आपल्या गौतम बुद्धाची कथा होय. वायना दग्यानंतर दहा वर्षांनीं ज्या देशांत असें ग्रंथकार्य चालतें त्याला मेलेला कसें म्हणावें?

खरा घाव निराळ्या बाजूंनीं आला. १५५७ त तुर्कांनीं मसावा घेतलें व समुद्राचें दार परक्याच्या हातीं गेलें. १५५९ त गलावदेवोस हरारच्या नूरशीं लढतांना पडला. दक्षिणेकडून ओरोमो लोक सरकत आले व सरहद्दीवरील गुल्ताचे मुलूख, म्हणजे फौजेचें पोट, त्यांच्या हातीं गेलें. बाह्रे नांवाच्या साधूनें ह्या लोकांचा वृत्तांत १५९३ च्या सुमारास लिहिला. आपलें राज्य मोठें असून हे लोक आपणांस कां जिंकतात, हा प्रश्न त्यानें स्वतः विचारला; आणि आपल्या समाजांत लढणारे थोडे व न लढणारे वर्ग पुष्कळ, असें उत्तर दिलें. शत्रूची निंदा सोडून आपल्या घडणींत कारण शोधणारा हा साक्षीदार आम्हांस वरील सर्वांहून मोठा वाटतो. पुढें जेसुइटांच्या आग्रहानें सुसेन्योस राजानें १६२२ त रोमचा पंथ उघड स्वीकारला, यादवी झाली, १६३२ त त्याला जुना पंथ परत द्यावा लागला. जेसुइटांस देशाबाहेर घालविण्यांत आलें, आणि त्यांचा पेट्रिआर्क मेन्देस गोव्यास येऊन १६५६ त तेथेंच वारला. ज्या गोव्याहून उद्धारक निघाले, त्याच गोव्यास उद्धाराचें हें अखेरचें प्रकरण परत आलें. प्रचलित कथेंत पहिला प्रवास असतो, दुसरा गाळलेला असतो. साम्राज्य मात्र गोंदर येथें राजधानी करून पुढें चाललें, १७६९ नंतर सरदारांच्या हातीं नामधारी झालें, एकोणिसाव्या शतकांत पुन्हा बांधलें गेलें, आणि सम्राटपद १९७४ च्या क्रांतीपर्यंत टिकलें.

ह्या चिकित्सेचा आपल्या इतिहासाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दोन ठिकाणीं आहे.

पहिला मलिक अंबराच्या बाबतींत. १५४८ च्या सुमारास जन्मलेला, गुलाम म्हणून मोखा व बगदादवरून निजामशाहींत चंगीझखानाच्या पदरीं आलेला हा पुरुष ‘पतन पावलेल्या ख्रिस्ती साम्राज्याचा पुत्र’ म्हणून रंगविण्याचा मोह लेखकांस होतो. वरील कालानुक्रम पाहतां त्याचा जन्म इमाम पडल्यानंतरचा आहे. शिवाय हबशी गुलामांचा मोठा भरणा साम्राज्याच्या सरहद्दीबाहेरील, ख्रिस्ती नसलेल्या लोकांतून होई. त्यांस पकडून विकणारांत ख्रिस्ती राज्याचे व्यापारी व सरदारही होते. ‘हबशी’ हें आपल्या कागदांतील नांव बंदराचें व बाजाराचें आहे. त्यावरून जात, धर्म किंवा राज्य काढूं नये. १६२४ त भातवडीस लढलेला व १६२६ त वारलेला अंबर आपल्या कर्तृत्वानेंच मोठा आहे. त्याला उसनें साम्राज्य देण्याची गरज नाहीं.

दुसरा संबंध अधिक जवळचा व थोडा दुःखद आहे. १८६७-६८ त सम्राट तेवोद्रोसावर इंग्रजांनीं जी स्वारी केली ती मुंबईहून निघाली. तिचा सेनापति नेपियर हा मुंबई लष्कराचा सरसेनापति होता, फौजेंत बहुसंख्य हिंदी शिपाई होते, आणि आपल्या खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत ‘आबिसिनिया’ हें नांव अजून आहे. एप्रिल १८६८ त मग्दाला पडला व तेवोद्रोसानें आत्मघात केला. त्यानें गोंदरच्या देवळांतून लुटून आणलेला ग्रंथसंग्रह किल्ल्यावर होता. तो आतां पुन्हा लुटला गेला. पंधरा हत्ती व सुमारें दोनशें खेंचरांवर लूट लादून खालच्या पठारावर तिचा लिलांव झाला. ब्रिटिश म्यूझियमचा रिचर्ड होम्स हा फौजेबरोबर होताच; सुमारें ३५० हस्तलिखितें त्या संस्थेंत गेलीं. १८७२ त केब्रा नगस्तची एक प्रत तेवढी परत करण्यांत आली.

पुण्याच्या वाचकास हें वाचून काय वाटावें? पेशवे दफ्तर आपल्याच शहरांत असतां तें पाहण्यासाठीं आपल्या संशोधकांस किती वर्षें दार ठोठवावें लागलें, व सरदेसाई ह्यांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ त बाहेर येईपर्यंत आपला इतिहास आपणांस कुलुपाबाहेरून कसा लिहावा लागला, हें आपण विसरलों नाहीं. त्याच आपल्या मुलखाच्या छावण्यांतून गेलेल्या फौजेनें दुसऱ्या एका देशाचें दफ्तर उचलून नेलें, ही नोंदही आपल्या वहींत असली पाहिजे. हुकूम आपला नव्हता. खांदा कांहीं अंशीं आपला होता.

आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा : कास्तान्योझो १५४१ पासून १५४३ पर्यंतच्या लढायांपुरता उत्तम साक्षीदार आहे, साम्राज्याच्या उत्कर्षापकर्षाविषयीं तो साक्षीदारच नव्हे. त्या प्रश्नाचें उत्तर अरबफकीहाच्या तपशिलांत, बाह्रेच्या प्रश्नांत आणि पोथ्यांच्या समासांतील दानपत्रांत शोधावें. आपल्या कोंकणांत दाभोळ, चौल, राजपुरी ह्या बंदरांच्या जुन्या घराण्यांत हबशी सरदारांचे किंवा व्यापाऱ्यांचे कागद ज्यांस मिळतील त्यांनीं दोन गोष्टी कराव्या : कागद कोठून, कोणाकडून व कोणत्या गठ्ठ्यांत मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि मुख्य मजकूर उतरल्यावर कागद पालथा करून पाठीवरील मजकूरही वाचावा.